एडवर्ड मॅन्शनची पितळी कडी

एडवर्ड मॅन्शनचा जिना कुणाला दाखवायचा म्हटलं, की नानांना बाकी कशाचंही भान राहत नसे. त्या दिवशीही तसंच झालं. मे महिना होता. दुपार अजून व्हायची होती, पण लूच्या गरम झळा सुरू झाल्या होत्या आणि इमारतीत सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. अशा उन्हात एक मुलगी गळ्यात कॅमेरा अडकवून वरच्या मजल्यापर्यंत चढून आली. ती आर्किटेक्चर शिकत होती आणि शहरातल्या जुन्या इमारतींचे फोटो काढत फिरत होती. नाव विचारलं तर दीक्षा म्हणाली, आणि या हिंदी मुलखात पुढचं बोलणं मराठीत निघालं. मग काय विचारता! नाना चपला घालून तिच्याबरोबर जिन्यात आले.

"नुसते फोटो नको काढू. कठड्याला हात लावून बघ," ते म्हणाले. "हे बस्तरचं सागवान. लाकडाच्या एका ठेकेदारानं ही इमारत बांधली, महायुद्धाच्या आधी, छत्तीस साली. ज्या राजाचं नाव दिलं तो राजा इथलं प्लास्टर वाळायच्या आत गादी सोडून निघून गेला. नाव मात्र इथंच राहिलं."

दीक्षा हसली. मुलं हसली की नानांना आणखी सांगावंसं वाटे. जन्मभर त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी इमारतीतली पोरं त्यांच्या हॉलमध्ये पाढे म्हणायला जमत. नानांचे वडील या इमारतीच्या पहिल्या भाडेकरूंपैकी. पुढे फ्लॅट विकत घेतला. नानांचा जन्म इथला, लग्न इथलं. आता सिव्हिल लाइन्समध्ये चहूकडे काचेची ऑफिसं आणि महागडे कॅफे झाले होते, फाटकासमोर बिल्डरांच्या गाड्या मुद्दाम हळू होत. पण एडवर्ड मॅन्शन तसंच होतं. उंच छत, नक्षीच्या फरश्या, दोन बोटं जाडीची, दोन फळ्यांची दारं आणि प्रत्येक दाराला तीच जुनी पितळी कडी. नानांचा मुलगा शिशिर भिलाईच्या कारखान्यात नोकरीला होता. त्यानं या कड्या बदलायला दोनदा सुतार आणला. नानांनी दोन्ही वेळा सुताराला चहा पाजला, त्याच्याशी लाकडाच्या गप्पा मारल्या आणि परत पाठवून दिलं.

"एक खिळासुद्धा बदललेला नाही," ते दीक्षाला अभिमानानं सांगत होते. तेवढ्यात त्यांच्या नाकाला करपलेल्या दुधाचा वास आला.

सून यामिनी सकाळी पंडरीच्या बाजारात गेली होती, मामेबहिणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला. निघताना म्हणाली होती, "नाना, दूध मंद आचेवर ठेवलंय. लक्ष ठेवाल ना? श्रावू खेळून राहिली आहे आत."

"जा तू निवांत," नाना म्हणाले होते.

ते घाईनं आत आले. हॉल ओलांडला, बोळात वळले. स्वयंपाकघराचं दार बंद होतं. त्यांनी ओढून पाहिलं. दार हललं नाही.

"श्रावू?"

आत काहीतरी घाईनं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"श्रावू बेटा, कडी लावली का तू?"

"हव," आतून बारीक आवाज आला.

नात श्रावणी पाच वर्षांची होती. मराठी सगळी कळायची, पण बोलायची हिंदी, आणि होकाराला शेजारपाजारी ऐकलेलं 'हव'.

"का बरं?"

 नानांनी दाराच्या फटीला नाक लावलं. करपलेल्या दुधाच्या वासाखाली दुसरा एक वास होता.  दूध उतू जाऊन बर्नर विझला होता आणि गॅस सुटला होता.

पण त्याहून वाईट ते नानांना त्यानंतर आठवलं. स्वयंपाकघराच्याच भिंतीत, ओट्याच्या वरच्या कोनाड्यात, देव होते. सकाळी पूजा करून त्यांनी स्वतः दिवा लावला होता आणि नेहमीसारखं काठोकाठ तेल घातलं होतं. तो दिवा दुपारपर्यंत जळे.

"नाना, बास आ रही है," श्रावणी म्हणाली.

"हो बेटा. दूध जळलं. आपण दार उघडू या हं." त्यांनी आवाज वर्गातल्यासारखाच ठेवला. मग मागे वळून दीक्षाला खुणेनं जवळ बोलावलं आणि कुजबुजत सांगितलं, "आत गॅस सुटलाय आणि दिवा जळतोय. खाली जा. जिन्याखाली मेन स्विच आहे, तो पाड. इथं कशाला हात लावू नको, बेलसुद्धा नाही. फोन खाली जाऊन कर, दमकलला, आग विझवणाऱ्यांना. आणि समोर गुलाबराव राहतात, त्यांचं दार हातानं ठोक."

दीक्षा शहाणी होती. काही न विचारता पळाली.

नानांनी हॉलच्या खिडक्या धडाधड उघडल्या. लूचा झोत आत आला. ते पुन्हा दाराशी येऊन फटीशी वाकले.

"श्रावू, तू कुठं उभी आहेस?"

"नीचे."

"स्टूल कुठं आहे?"

"यहीं. दरवाजे के पास."

"शाबास. आता स्टुलावर चढ. वर हवा चांगली आहे." गॅस जड असतो, खाली साचतो, हे त्यांनी किती वर्गांना शिकवलं असेल. पोरगी जमिनीवर नको होती. "चढलीस?"

"हव."

"दूध कुठं सांडलंय?"

"सब जगह. नीचे भी गिर रहा है. धुआँ निकल रहा है उसमें से."

नानांनी डोळे मिटले. तिला ओट्याकडे पाठवून गॅसचं बटण बंद करायला सांगावं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं होतं. पण जुना ओटा उभ्यानं स्वयंपाक करणाऱ्या खानसाम्यांसाठी बांधलेला, तिच्या डोक्याएवढा उंच. त्यावरून उकळतं दूध गळत होतं, आणि तिच्या पायात काही नव्हतं. चढता चढता घसरली तर? शिवाय दिवा नेमका त्याच्याच वर. नको. तिनं दाराशीच राहावं.

"छान. आता आपण कडी उघडायचा खेळ खेळू. मी सांगीन तसं करायचं. कडीला एक गोल मूठ आहे, लाडवासारखी. दिसली?"

"हव."

"ती खाचेत बसली आहे. तिला वर उचल."

धातू घासल्याचा आवाज आला. "उठ गया."

"वा! आता ती मूठ सरकवायची. भिंतीकडे. तुझ्या उजवीकडे."

आतून कण्हल्यासारखा आवाज आला. मग थांबला. मग पुन्हा.

"नहीं जा रहा, नाना."

"घाई नाही. पुन्हा कर."

नानांना घाई कधीच नसे. त्यांच्या शिकवण्याची तीच तर ख्याती होती. कुणाला रागावले नाहीत, कुणावर हात उगारला नाही. श्रावणीच्या बाबतीतही तसंच. पोर डावखुरी होती. नाना मात्र तसं म्हणत नसत, सवय लागायची आहे म्हणत. डाव्या हातानं चमचा धरला की ते हसून हळूच तो तिच्या उजव्या हातात देत. खडू डाव्या हातात दिसला की उजव्या. घास, प्रसाद, रंगाची काडी, सगळं. कितीही वेळा, तेवढ्याच मायेनं. वर्षभरात पोरगी उजव्या हातानं जेवायला लागली. समोरचे गुलाबराव एकदा म्हणाले होते, "काहून छळता जी त्या पोट्टीले? देवानं दिलेला हात हाये तो." तेव्हा नाना म्हणाले होते, "छळतोय कुठं? तिच्या डोळ्यांत कधी पाणी पाहिलंत?" आणि खरंच कुणी पाहिलं नव्हतं.

आता तेच गुलाबराव बनियनवर धावत आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे वर्ध्याकडचे, आडव्या बांध्याचे. हातात लोखंडी पहार होती.

"सरका गुरुजी. एका दणक्यात पाडतो."

"नको!" नानांनी पहार दोन्ही हातांनी धरली. "लोखंड पितळेवर बसलं आणि ठिणगी उडाली तर?"

"अन् नाही पाडलं तर तो दिवा काय तुमची वाट पाहून राहिला का?"

"हळू बोला. ती ऐकते आहे."

गुलाबरावांनी आवाज दाबला, पण धार तशीच होती. "खिडकीतून?"

"गज आहेत. आणि खाली दोन मजले."

"मागचा तो गोल लोखंडी जिना होता, तो भंगारात विकला तुमच्या कमिटीनं. आमच्या लोकांले त्याच जिन्यानं चढवत होते मैला काढाले. गेला ते बरंच झालं. पण आज कामी आला असता जी. ज्या कड्या फेकायच्या, त्या जपल्या तुम्ही." त्यांनी दाराकडे पाहिलं आणि चेहरा वळवून घेतला. "दमकल?"

"निघाली आहे," दीक्षा जिन्यातून वर येत धापा टाकत म्हणाली. "मेन बंद केलं. चौबे कॉलोनीच्या बाजूला रस्ता खोदलाय, वळसा घालून येतात म्हणाले."

आत धप्पकन आवाज झाला आणि पाठोपाठ रडणं.

"श्रावू!"

"गिर गई मैं," ती हुंदके देत म्हणाली. तिचा आवाज आता खालून येत होता, अगदी जमिनीजवळून. मग ती खोकली.

"लागलं का?"

"घुटने में."

"उठ राजा. स्टूल सरळ कर आणि वर चढ." नाना बोळात गुडघ्यांवर बसले. हात दारावर होता आणि तळव्याखाली ते जुनं, गार, गुळगुळीत सागवान होतं. याच लाकडाचं कौतुक ते आत्ता करत होते. "चढलीस का?"

"सर घूम रहा है."

गुलाबरावांनी पहार पुन्हा उचलली. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि या वेळी ती धरली नाही.

"एक मिनिट द्या," ते म्हणाले. "मला एकच मिनिट द्या. श्रावू, वर चढून दाराच्या वरच्या फटीला नाक लाव. तिथून मोठा श्वास घे. मी सांगेपर्यंत काही करू नको."

आत स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग फटीतून श्वासाचा बारीक सूं सूं.

"नाना?"

"हां."

"आप डांटोगे?"

"कशाबद्दल?"

"मैंने कुंडी लगाई न. आम खा रही थी. आई बोली है, किचन में दरवाजा लगा के जैसे खाना है खा. आज दीदी आई थी तो मैंने कुंडी भी लगा दी. कोई देख लेता तो."

गुलाबरावांनी नानांकडे पाहिलं. नानांनी ते ऐकलं, पण त्या क्षणी त्याचा अर्थ लावायला त्यांच्याजवळ जागाच नव्हती. त्यांचं सगळं मन कडीच्या दांड्यावर होतं.

"नाही रागावणार. मला सांग, मूठ सरकवताना काय होतं?"

"कोहनी दीवार को लगती है. फिर जोर नहीं आता."

भिंत. बरोबर. दार कोपऱ्यात होतं, आतून उभं राहिलं की उजव्या हाताशी लगेच भिंत. त्या भिंतीपाशी इतक्या वर्षांत नानांचं कोपर कसं कधी अडलं नाही? ते ताडकन उठले. स्वयंपाकघराला लागूनच न्हाणीघर होतं. त्याचं दार या दाराचं जुळं भावंड, तसंच कोपऱ्यातलं, तीच कडी.

"गुलाबराव, तिच्याशी बोलत राहा. तिला खाली उतरू देऊ नका."

"ए पोट्टे," गुलाबराव लगेच फटीशी तोंड नेऊन म्हणाले, आणि त्यांचा दगडासारखा आवाज एकदम बदलला, "कोणता आंबा खात होती वं? मले ठेवला का नाही?"

"आधा है."

"आधा! अन् कोय कोणं खाल्ली?"

"आपको कोय दे दूँगी."

"पाहा बरं! पाटलानं आंबा खायचा अन् आम्ही कोय चोखायची. बाहेर ये, मग पाहतो तुले."

न्हाणीघरात अंधार होता. नानांनी आतून दार ओढून कडी लावली. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, दोन फळ्या खालीवर सरकतात, दांडा अडकून बसतो. इथंही अडकला. त्यांनी मूठ उचलली आणि उजव्या हातानं भिंतीकडे ओढली. कोपर भिंतीवर आपटलं. बोटांत जोर येईना. पुन्हा ओढली. दांडा जागचा हलला नाही. पलीकडे श्रावणी खोकली आणि ते घाबरले. घाबरलेल्या माणसाचा हात विचार करत नाही. त्यांचा डावा हात आपोआप पुढे आला, तळवा मुठीवर टेकला आणि अंगाच्या एका रेट्यासरशी दांडा खटकन भिंतीकडे सरकला.

नाना त्या उघड्या कडीकडे बघत राहिले.

लहानपणापासून ते या घरातलं प्रत्येक दार याच हातानं उघडत आले होते. त्यांचे वडीलही. उजवा हात तिथं चालतच नव्हता. हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. आणि पलीकडे ती पोर, जिचा डावा हात दोन्हींत जोरकस होता, जिनं त्याच हातानं ही कडी सहज लावली असेल, ती आता उजव्या हातानं झटत होती. कारण दाराबाहेर नाना होते. नाना ऐकत होते.

ते परत दाराशी आले तेव्हा गुलाबरावांचं बोलणं थांबलं होतं. ते फटीला कान लावून बसले होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

"बोलून नाही राहिली," ते म्हणाले.

"श्रावू!"

काही नाही.

"श्रावणी!" नानांचा आवाज सबंध इमारतीत घुमला. शाळेतसुद्धा कुणी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

"हव," आतून झोपाळू उत्तर आलं.

"डोळे उघड. ऐक. मूठ कोणत्या हातानं ढकलत होतीस तू?"

तिनं नाक ओढलं. मग म्हणाली, "सीधे हाथ से. सच्ची, नाना. आपकी कसम, सीधे से ही कर रही थी."

नानांनी फटीला तोंड लावलं. 

"आता डाव्यानं कर."

मूठ घासल्याचा आवाज येईना.

"ऐकलंस का? डावा हात. तळवा मुठीवर ठेव आणि सगळं अंग त्याच्यावर टाक."

"उल्टे से?"

"हो. उलट्यानं."

"सच में? बाद में कुछ नहीं बोलोगे?"

"मी तुला कधी काही बोललो का गं?"

"नहीं," ती म्हणाली. "पर आप हाथ बदल देते हो न."

ते शब्द ऐकून नानांनी कपाळ दाराला टेकलं. "नाही बदलणार," ते म्हणाले. "आता ढकल. ढकल माझी बाई. जोरात."

पितळ कुरकुरलं. थांबलं. श्रावणीनं दात खाऊन केलेला एक आवाज फटीतून आला, लहान मुलाचा वाटू नये असा. मग खट्.

दार उघडल्याबरोबर नानांनी तिला स्टुलावरून ओढून घेतलं आणि पाठ फिरवून बोळातून हॉलकडे, हॉलमधून जिन्याकडे धावत सुटले. सत्तरी ओलांडलेला माणूस, चपला निघून पडल्या होत्या. मागे गुलाबराव ओल्या टॉवेलनं तोंड बांधून आत घुसले. बटण पिळल्याचा, रेग्युलेटर निघाल्याचा, मग खिडकीची दोन्ही दारं भिंतीवर आदळल्याचा आवाज आला. नाना जिन्यातल्या पायरीवर बसून त्या आवाजांची एकेक करून वाट बघत होते. श्रावणीचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. ती खोकली, मग तिनं त्यांच्या सदऱ्यावर ओकारी केली, मग रडायला लागली. ते रडणं ऐकून त्यांच्या अंगात जीव आला.

"झालं," गुलाबराव बाहेर येऊन म्हणाले. टॉवेल सोडून ते भिंतीला टेकले. "दिवाही विझवला, ओल्या बोटानं चिमटून. देवाले सांगा, आमचा हात लागला म्हणून."

"देवाला आनंदच होईल," नाना म्हणाले.

"होईल का नाही ते त्याले विचारा. मले तर चहा पाहिजे, पण आज तुमच्या गॅसवर नाही." ते हसायला गेले, पण हसू नीट आलंच नाही. मग ते वळून दीक्षाला म्हणाले, "काय पाहतं बाई? काढ ना फोटो. जुनी इमारत पाहाले आली होती ना?"

दीक्षानं कॅमेरा गळ्यातून काढून पिशवीत ठेवला आणि श्रावणीसाठी पाणी आणायला गुलाबरावांच्या घरात गेली.

दमकलची गाडी आली, जवानांनी सगळं तपासलं, डॉक्टरांना दाखवून आणा म्हणाले. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर वर येऊन पोरीला बघून गेले आणि सांगितलं की भीती नाही, पण मोकळ्या हवेत बसवा, पुन्हा उलटी झाली तर लगेच दवाखान्यात न्या. या सगळ्या गर्दीतून यामिनी साड्यांच्या पिशव्या जिन्यातच टाकून धावत वर आली. काय झालं ते तिला तीनचार तोंडांनी एकदम सांगितलं. तिनं लेकीला उराशी धरलं आणि तिच्या डोक्यावरून नानांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग होता. भीतीही होती.

"दूध मी तुमच्यावर सोडून गेले होते," ती म्हणाली.

"हो. मी जिना दाखवत बसलो."

एवढं सरळ उत्तर तिला अपेक्षित नव्हतं.  मग खाली बघत म्हणाली, "दार लावून खा, हे मी सांगितलं होतं तिला. चूक माझीही आहे. तुमच्यासमोर बोलायची हिंमत नाही झाली, नाना. तुम्ही रागावता असं नाही. रागावला असतात तर बोलले असते."

 वर्गातल्या एखाद्या पोरानं बरोबर उत्तर दिलं की नाना जशी मान हलवत, तशी त्यांनी हलवली.

संध्याकाळी भिलाईहून शिशिर आला तेव्हा नाना स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसून पेचकस फिरवत होते. कडीचे स्क्रू जुने, गंजून घट्ट झालेले. एक निघाला होता, दुसरा फिरत होता.

"मी करतो, नाना," शिशिर म्हणाला.

"राहू दे. मीच काढतो." मग त्यांनी मागे न बघता विचारलं, "तो सुतार आहे का अजून? बोलाव उद्या. चहा नाही देणार त्याला."

श्रावणी गॅलरीत गादीवर बसली होती. ऊन उतरलं होतं आणि समोरच्या बंगल्यातल्या कडुनिंबावर साळुंक्या भांडत होत्या. खाता येईल तर काहीतरी फळ द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. यामिनीनं आंबा कापून बशी तिच्यापुढे ठेवली आणि ती आत जायला निघाली. मग गेली नाही, दारातच उभी राहिली.

नाना पेचकस खाली ठेवून आले आणि गादीच्या काठाशी बसले.

श्रावणीनं बशीकडे पाहिलं. मग नानांकडे. तिचा उजवा हात पुढे आला, फोड उचलली. बोटं नीट मिटत नव्हती, फोड निसटू बघत होती. ती तोंडाजवळ नेली आणि तशीच थांबली. तिची नजर नानांच्या हातांवर होती.

नानांनी आपले दोन्ही हात मांडीखाली सरकवले आणि त्यांच्यावर बसून राहिले.

ती बराच वेळ बघत होती. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. साळुंक्या उडून गेल्या. आत शिशिरनं दुसरा स्क्रू काढला, त्याचा फरशीवर टिण्ण आवाज झाला. तरी नाना हलले नाहीत.

मग तिनं फोड दुसऱ्या हातात घेतली. नजर मात्र त्यांच्यावरून काढली नाही. पहिला चावा तिनं भराभरा घेतला, कुणी काढून घेईल अशा घाईनं. दुसरा जरा सावकाश.

"गुलाबदादा के लिए कोय रखनी है," ती म्हणाली.

"ठेवू," नाना म्हणाले. त्यांच्या हातांना मुंग्या आल्या होत्या, पण त्यांनी ते बाहेर काढले नाहीत.